बिब्ब्याची फुली

फुली चार बोटांएवढी होती. काळी, ठसठशीत, दोन्ही रेघा सारख्या. नर्मदाबाईचा हात रांगोळीत अख्ख्या बोरी गावात पहिला. तोच हात त्या दिवशी तिनं पांढऱ्याशुभ्र परदेशी मोटारीच्या बॉनेटवर चालवला होता.

बन्सीधर पुरणपोळी जेवून, पान तोंडात घालून ओट्यावर आला. मोटारीकडं त्याची नजर गेली आणि पान चावायचं राहिलं.

"मामी, हे काय हाय?"

"बिब्बा हाय की, बापू." नर्मदाबाईच्या हातात अजून दाभण होतं आणि दाभणाला टोचलेला गरम बिब्बा. "सकाळपासून गाव नुसतं डोळे फाडून बघायलंय. मनकर्णाच्या पाळण्याला घातली व्हती, नव्या चौकटीला घातली, मग हिला का न्हाई? आता बघू द्या कुणाला बघायचं ते."

होणाऱ्या सासूनं होणाऱ्या जावयावर केलेली ही माया होती. माया जमेला धरावी की खर्ची टाकावी, हे ती कुठं सांडली त्यावर असतं.

मोटार बन्सीधरची नव्हती. गंगाखेडच्या दत्तरावांची होती. दत्तराव उसाच्या वाहतुकीचे मोठे ठेकेदार, वजनानंही मोठे. त्यांनी मुंबईहून ही दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा आपल्या पोटाचा अंदाज घ्यायचं राहून गेलं. गाडी चौरंगाएवढी बुटकी. मालक आत स्वतः बसत, पण बाहेर काढायला दोन माणसं लागत. एक हाताला, एक पाठीला. किंमत त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही, म्हणून ज्यानं त्यानं ती आपल्या ऐपतीनं ठरवली. कुणी म्हणे पाच एकर बागायत, कुणी म्हणे पंधरा. चौकीदार लिंबाजी म्हणे, "एक चाक माझ्या सात पिढ्यांचं." ओरखडा काढायची मात्र कुणाचीच ऐपत नव्हती.

पाच दिवसांसाठी मालक रेल्वेनं मुंबईला गेले. जाताना ड्रायव्हर बन्सीधरला बजावून गेले, "रोज पुसायची, रोज इंजिन चालू करायचं. फाटकाच्या भाईर न्यायची न्हाई." बन्सीधर "जी" म्हणाला, आणि चार दिवस त्यानं ते पाळलंही.

घोळ केला तो सुलाबाईनं. सुलाबाई म्हणजे नर्मदाबाईची थोरली जाऊ. मनकर्णाची सोयरीक ठरली तेव्हा तिच्या बापानं, चंद्रभाननं, भावकीत छाती काढून सांगितलं होतं, जावई मोटारीचा ड्रायव्हर हाय. त्यावर सुलाबाई पदराआडून म्हणाली होती, "मोटारीचा का ट्रॅक्टरचा, ते बघितल्याबिगर कसं कळावं बाई?" हा शब्द बोरीहून परभणी, परभणीहून गंगाखेड असा फिरत बन्सीधरच्या कानावर आला. लग्नाला महिना राहिला होता. सोमवारी जेवायचं बोलावणं होतं. मालक मंगळवारी सकाळच्या गाडीनं येणार. बन्सीधरनं हिशेब मांडला. जायचे दोन तास, यायचे दोन तास, कुणाला काय कळतंय? हिशेब चोख होता. फक्त त्यात सासू धरलेली नव्हती.

फुली पुसायला पहिल्यांदा घासलेट आणलं. चिंधी भिजवून त्यानं हळू पुसलं. फुली हलली नाही, उलट घासलेटानं जरा उजळून तकतकीत दिसायला लागली.

"चिंच लावून बघा, जावईबापू," चंद्रभान म्हणाला.

चिंच लावली. बघ्यांचं कोंडाळं जवळ सरकलं. सुलाबाई आता पदराआड नव्हती. "मोटारीचीच हाय गं बाई," ती म्हणाली, "खरंच मोटारीचीच हाय!" बन्सीधर ज्यासाठी पंचवीस कोस मोटार हाकत आला होता, ते त्याला मिळालं. पण ते घ्यायला त्याला फुरसत नव्हती.

कुणीतरी उमाजी परटाला हाक मारून आणलं. गावात डाग या विषयात त्याच्या शब्दापुढं शब्द नव्हता. त्यानं वाकून फुली बघितली, बोट लावलं नाही.

"उमाजीदादा, काढून द्या. काय मागाल ते देतो," बन्सीधर म्हणाला.

"पाव्हणं, धुऊन निघाली असती तर आमी बिब्ब्यानं खुणा कशाला घातल्या असत्या?" उमाजी म्हणाला. "चाळीस घरचं धुणं एका हौदात पडतंय. धोतर विरून जातं, पण खूण न्हाई मरत. आन् हात धुऊन घ्या आधी. ह्यो उततोय, फोड येत्यात."

हात धुवायला बन्सीधर थांबला नाही. ऊन कलायला लागलं होतं. मालकाची सवय त्याला माहीत होती. सकाळी उठले की दत्तराव चहाच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारत, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तळवा पत्र्यावरून फिरवत. डोळे मिटूनसुद्धा त्यांना फुली सापडली असती.

"राखेनं बघा की," चंद्रभान पुन्हा म्हणाला. तो बिचारा मदत केल्याशिवाय राहूच शकत नव्हता. "तांब्याची परात कितीबी काळी पडू द्या, राखेनं निघती का न्हाई?"

बुडत्याला राखही काडीसारखीच. बन्सीधरनं चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बाहीनं घाम पुसत, दात आवळून स्वतः घासत राहिला. अर्धा तास घासलं असेल. मग पाणी ओतलं.

फुली होती तिथंच होती. जरा तपकिरी झाली होती, एवढंच. पण तिच्याभोवती थाळीएवढ्या गोलात मोटारीची झळाळी गेली होती. आरशासारख्या पांढऱ्यात चुन्यासारखा मेलेला पांढरा गोल, आणि मधोमध फुली. जणू कुणी मुद्दाम चौकट करून दिली होती.

कोंडाळं एक पाऊल मागं सरकलं. सुलाबाईसुद्धा.

बन्सीधरनं शेंडी फेकून दिली. आणि जे बोलायला नको ते बोलला.

"मामी, तुमी माझ्या जिंदगीत बिब्बा घातला."

हे वाक्य आपल्याकडं लोक दिवसातून दहा वेळा बोलतात. कुणी सोयरीक मोडली की बिब्बा घातला, कुणी सौदा फिसकटवला की बिब्बा घातला. ऐकणाराला त्याचं काही वाटत नाही. पण नर्मदाबाईच्या हाताला अजून ते काळं तेल होतं. तिनं हाताकडं पाहिलं, हात पदराखाली घेतला आणि आत गेली.

चंद्रभान कानाशी येऊन म्हणाला, "मालकाला सांगा, पाखरू हागलं."

"फुली हागणारं पाखरू दावा मला," बन्सीधर म्हणाला. "मामा, नोकरी गेली समजा. भाईर न्यायची न्हाई म्हणून सांगितलं व्हतं त्यांनी."

चंद्रभानचा चेहरा उतरला. पोरगी त्यानं ड्रायव्हरला दिली होती. ड्रायव्हरातून नोकरी वजा केल्यावर काय उरतं, हे त्याला उभ्या उभ्या दिसलं.  'जावईबापू' म्हणायचं त्यानं तेवढ्यातच सोडलं. "बरं, निघा आता," एवढंच म्हणाला.

बन्सीधर मोटारीचं दार उघडून आत बसत होता, तेवढ्यात घराच्या खिडकीच्या जाळीमागून आवाज आला. मनकर्णाचा. लग्नाआधी ती समोर येऊन बोलणार नव्हती.

"मालकानं इचारलं, कुणी घातली, तर काय सांगताल?"

 बन्सीधरनं इंजिन चालू केलं. त्या इंजिनाचा आवाज असा, की उत्तर दिलं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

रस्ताभर तो उत्तरं तयार करत होता आणि मोडत होता. सासूचं नाव सांगावं, तर गाडी बोरीला नेली हे कबूल. न सांगावं, तर कुणाचं सांगावं? परभणी मागं पडली. गंगाखेडच्या रस्त्याला लागल्यावर एका वळणावर बाभळीचं जाड झाड दिसलं आणि त्याच्या मनात आलं, घालावी हिच्यावर. बॉनेट चेमटलं की फुली गेली, गोल गेला. मोठ्या नुकसानीत छोटं नुकसान बुजतं. पाय दाबला गेला. झाड मोठं होत आलं. आणि ऐन वेळी त्याला आठवलं की गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही असं म्हणायचं, आणि मालकाच्या आवारात तर बाभूळच नाही. एक कडुनिंब आहे आणि एक सीताफळ. त्यानं करकचून ब्रेक मारला. मोटार रस्त्यावर आडवी होऊन थांबली. पुढून मेंढरांचा कळप येत होता. मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी निघून गेली. एकालाही तिची किंमत कळली नाही. स्टिअरिंगवर कपाळ टेकून बन्सीधर रडला. हात जळजळायला लागले होते.

लिंबाजीनं फाटक उघडलं. त्यानंच सकाळी मैत्रीखातर उघडलं होतं. फुली बघून तो म्हणाला, "खोळ घाल वरून. उद्याचं उद्या."

मंगळवारी दत्तराव आले ते आईच्या पाया न पडता आधी गाडीपाशी गेले. खोळ काढली. तळवा फिरवत बॉनेटपर्यंत आले आणि थांबले.

बन्सीधर हात पाठीमागं धरून उभा होता. तळव्यांवर रात्रीत फोड आले होते, बोरासारखे, पाण्यानं भरलेले.

मालक काही बोलायच्या आधीच त्यांची आई केशरबाई काठी टेकत आली. ऐंशीच्या आसपासची बाई. तिनं बॉनेटवर वाकून पाहिलं आणि तिचं तोंड फुललं.

"अगं बाई, घातली का फुली? आठ महिने झाले, मी सांगायलेय ह्याला, बिब्बा घाल, बिब्बा घाल. ऐकतंय कोण? कुणी रं घातली एवढी सरळ?"

बन्सीधरला वाटलं, निभावलं. पण क्षणभरच.

"आई, फुलीचं ऱ्हाऊ दे," दत्तराव हळू म्हणाले. ते ओरडत नाहीत तेव्हाच लोक त्यांना भितात. "फुली म्हणजे देवाधर्माचं काम, ती कुणी लपवत न्हाई. हा भोवतीचा गोल बघ. ज्यानं घासली त्याला ती लपवायची व्हती. आन् आपल्या घरात बिब्बा न्हाई. मग ही आली कुठून?" ते वळले. "लिंबाजी, फाटकावर कोण व्हतं?"

"मीच, मालक."

"कोण आलं आत?"

लिंबाजी खाली बघत राहिला. बन्सीधरकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"तीस वर्षं फाटक सांभाळलंस," दत्तराव म्हणाले. "आता किल्ल्या ठेव आन् जा."

लिंबाजीनं करगोट्याला बांधलेल्या किल्ल्या सोडायला घेतल्या. गाठ जुनी होती, सुटत नव्हती. ती सुटेपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात बन्सीधरनं रस्ताभर तयार केलेली सगळी उत्तरं एकेक करून बघितली. त्यातलं एकही लिंबाजीच्या गाठीपुढं उभं राहीना.

त्यानं हात पुढं केले. तळवे वर.

"फुली माझ्या सासूनं घातली, मालक. बोरीला. दृष्ट लागू नये म्हणून मायेनं घातली. घासली मी. गाडी भाईर नेली ती बी मीच."

केशरबाई फोड बघून "अरारा, पोरा" म्हणाली. दत्तरावांनी तळवे बघितले, मग गोल बघितला, पुन्हा तळवे. हिशेब जुळत होता.

"लिंबाजी, किल्ल्या ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. बन्सीधर, मोटारीची किल्ली इकडं दे," ते म्हणाले. "हात बरे झाले की ट्रॅक्टरवर जायचं. उसाच्या. पाह्यजे तर."

दुसऱ्या दिवशी बन्सीधर एस.टी.नं बोरीला उतरला. ट्रॅक्टर हा शब्द त्यानं चंद्रभानला ओट्यावरच सांगितला. शेजारच्या ओट्यावर सुलाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणायला काही उरलंच नव्हतं, तिचंच म्हणणं आता खरं होतं.

चंद्रभाननं बराच वेळ तंबाखू मळली. "लग्नाची तारीख," तो म्हणाला, "जरा पुढं ढकलावी म्हणतो. भावकीला काय सांगायचं, ते बघू दे मला." ढकललेली तारीख किती वेळा परत येते, हे त्याला माहीत होतं आणि बन्सीधरलाही.

जाळीमागं बांगड्या वाजल्या.

"मालकानं इचारलं का?"

"इचारलं."

"काय सांगितलं?"

"फुली मामीची, घासली मी."

 मग नर्मदाबाई बाहेर आली. त्याच्याकडं बघितलं नाही. खोबऱ्याच्या तेलाची वाटी खाली ठेवली, "हात," म्हणाली, आणि त्याचा तळवा मांडीवर घेऊन एकेका फोडाभोवती तेल लावत बसली. फुली घालताना जेवढ्या नीटपणानं बोट चाललं होतं, तेवढ्याच.

"मामी, मी परवा बोललो ते..."

"हलू नका. फुटंल."

मग चहा आला. बशी त्याला एका हातानं धरवेना; त्यानं ती दोन्ही मनगटांत धरली, तरी कलंडून निम्मी सांडली. चंद्रभान तोंड वळवून रस्त्याकडं बघत होता. जाळीशेजारच्या दाराआडून हात आला, बांगड्यांचा, आणि सांडलेल्या बशीशेजारी दुसरी भरलेली बशी ठेवून आत गेला.