तुटलेल्या बोटांचा बाजार

चाकणला पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये जयमाला तपासणीच्या टेबलावर काम करायची. सहा वर्षांपूर्वी प्रेसखाली तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून हे बसून करायचं काम. त्या दिवसाबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती. सांगायला गेलं की मशीनचा आवाज कानात सुरू व्हायचा. नवऱ्याने, मालोजीने, सुरुवातीला विचारून पाहिलं, मग त्यानेही विषय सोडून दिला.

भाची दिव्याने तिला एक कादंबरी आणून दिली. शहरातल्या उड्डाणपुलाखाली अमावस्येला एक बाजार भरतो आणि लोकांनी इथे गमावलेलं सगळं तिथे मांडलेलं असतं, अशी ती गोष्ट. जयमाला कंपनीच्या बसमध्ये वाचू लागली आणि दोनदा उतरायचं विसरली. त्या बाजारात ऑइलचा वास होता, पत्र्यांचा ठणठणाट होता. एका बाईला तिथे आपलीच बोटं दिसतात. ती परत हवी असतील तर त्या दिवसाची आठवण द्यायची, असं विकणारा सांगतो. बाई नाही म्हणते. जयमालाने पुस्तक मिटलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

शेवटच्या पानावर लेखिकेचा नंबर होता. इंद्रायणी मॅडम ताथवड्याच्या कॉलेजात शिकवायच्या. रविवारी दुपारी धीर करून जयमालाने फोन लावला. इतकं आपलं वाटणारं कधी वाचलं नव्हतं, तो विकणारा तर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही, असं ती भरभरून सांगत राहिली. मग जरा घुटमळली.

"मॅडम, एकच चुकलंय. पुस्तकातली बाई बोटं गेल्यावर ओरडते. खरी बाई ओरडत नाही. आधी मशीन थांबलं का, ते बघते. एका मशीनवर दोघी असतात, समोरचीचा हात आत असतो ना."

"तुमच्या समोर कोण होतं?"

"शालनबाई. मशीन परत खाली येत होतं. मी उजव्या हाताने तिला मागं ढकललं."

पुढच्या आवृत्तीत हे घेऊ का, असं मॅडमनी विचारलं. जयमालाने आनंदाने होकार दिला.

फोन ठेवून ती वळली, तर मालोजी दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मग तिच्या शेजारी बसून त्याने ते पुस्तक मागून घेतलं.

"कुठलं पान?" त्याने विचारलं. तिने बोटांचं पान काढून दिलं.