बुडापाशी तीन ठिपके

"हात लावायचा नाही हं, उस्ताद," असं म्हणत संग्रहालयाच्या ओफेलियाबाईंनी पांढरे मोजे चढवले आणि फुलदाणी स्वतःच उचलून पालथी केली.

क्रिसोफोरोने हात पाठीमागे बांधले. मेक्सिकोतल्या पुएब्लात त्याने उभा जन्म माती घडवण्यात आणि रंगवण्यात घालवला होता. पण या खोलीत त्याच्या हातांपेक्षा सुती मोज्यांचा मान मोठा होता.

"हे बघा, तीन ठिपके," बाई म्हणाल्या. "इथे झिलई नाही, माती उघडी आहे. जुन्या भट्टीत भांड्याखाली तीन टोकांची तिकटी ठेवत, तिच्या खुणा. म्हणजे दोनशे वर्षं तरी झालीच."

"तिकटीचे ठिपके लांब लांब पडतात, बाई. हे एका कडेला आहेत, एकमेकांना चिकटून."

"तिकटी सरकली असेल."

"तिकटी सरकत नसते."

"अहो, हे तुम्हीच शिकवलंत मला! कॉलेजात असताना तुमच्या दुकानात यायचे मी. 'तीन ठिपके दिसले, पोरी, की डोळे मिटून जुनं म्हणायचं.' शब्द न् शब्द आठवतोय."

क्रिसोफोरोलाही आठवत होता. त्या काळी तो दुकानात येणाऱ्याला बरंच काही सांगत असे. त्यातलं कुणी खरोखर लक्ष देऊन ऐकत असेल, अशी शंका त्याला कधी आली नव्हती.

"ही बोटं आहेत," तो म्हणाला. "माझ्या लेकीची, चायोची. सहा वर्षांची होती. फुलदाणी झिलईत मीच बुडवणार म्हणून हटून बसली. बुडाला धरून बुडवली, बोटं होती तिथे झिलई लागली नाही. त्याच वर्षी तापात गेली. बायकोला घरात ती फुलदाणी बघवेना. नन्सच्या मठात फुलांसाठी देऊन आली."

"मठाच्या आईसाहेब म्हणाल्या, ती तिथे पहिल्यापासून आहे."

"आईसाहेबांना विचाराल तर त्याही पहिल्यापासून आहेत," दाराशी बसलेला पहारेकरी ताचो पाव चावता चावता म्हणाला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो पावाकडे पाहू लागला.

"बरं, तिच्यावरचा हा बगळा बघा," क्रिसोफोरोने हनुवटीनेच दाखवलं. "तीन पाय आहेत त्याला. मी म्हटलं, बगळा एक पाय दुमडून उभा राहतो. तर चायोने दोन खाली काढले आणि दुमडलेला वर वेगळा."

"जुन्या कारागिरांची हीच तर गंमत," बाई हरखून म्हणाल्या. "किती निरागस हात!"

हात निरागस होता हे क्रिसोफोरोही नाकारू शकत नव्हता.

"उद्या मृतांचा दिवस, गेलेली माणसं घरी येतात," तो म्हणाला. "आता बायकोही तिकडेच गेली. दोघी घरी येतील. फुलदाणी एक दिवस द्या. झेंडू ठेवतो तिच्यात, परवा सकाळी आणून देतो."

"उद्याच काचेत जायची आहे ती, उस्ताद. माझ्या हातात असतं तर दिली नसती का?"

बाईंना मनापासून वाईट वाटलं होतं. त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही.

क्रिसोफोरो फुलदाणीकडे एक पाऊल सरकला.

"मग निदान बोटं लावून बघू द्या. खरं-खोटं समजेल."

हे बाईंना रास्त वाटलं. त्यांनी फुलदाणी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि बूड त्याच्यापुढे केलं. त्याने पाठीमागचा हात सोडवला, पँटला पुसला आणि बोटं टेकवली. त्याच्या दोन बोटांखालीच तिन्ही ठिपके दिसेनासे झाले.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या, "नाही बसत."

"हो."

"काढा आता हात, उस्ताद."

ताचोने पाव कागदात गुंडाळला आणि तोंड भिंतीकडे केलं.

"थांबा जरा," क्रिसोफोरो म्हणाला, "बसतील."