दुसऱ्या भोकापर्यंत

माझ्या अंगावर पाच भोकं आहेत, एकमेकांपासून दोन-दोन सेंटिमीटरवर. पहिलं किंचित सैल आहे. दुसरं लांबट झालं आहे आणि त्याच्या कडेला बकलाच्या काट्यानं काळी खूण पडली आहे. उरलेली तीन अजून गोल आहेत, पाडली त्या दिवशी होती तशीच. मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे.

मूळचा मी बैलाच्या गळ्यातला. तंजावरजवळच्या एका शेतावर मी घुंगरांची माळ वागवली. बैल थकला, मीही मधोमध तुटलो. शेताचे मालक तुळजाजी यांनी माझा धड तुकडा कापून घेतला, तेल लावून मऊ केला, बकल जोडलं, आरीनं भोकं पाडली आणि जुन्या माळेतलं एक घुंगरू माझ्या कडीला राहू दिलं. गोठ्यात जन्मलेलं एक तपकिरी पिल्लू होतं, पुढचा डावा पाय तेवढा पांढरा. ते चेन्नईला जायचं होतं, तुळजाजींच्या भावाच्या नातीकडे. तिचं नाव हरिप्रिया, वय दहा वर्षं.

ती पिल्लू न्यायला शेतावर आली, तेव्हा मला त्याच्या गळ्यात बांधताना तुळजाजी तिला लाडानं म्हणाले, "पाच भोकं आहेत, कण्णा. पाचव्यात आला की मला फोन कर. मग मी म्हणेन, तो मोठा झाला."

गुळाचा खडा चाटताना पाहून तिनं त्याचं नाव गोडू ठेवलं.

वेस्ट मांबलमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मला फार मान होता. शेतावर वाढलेल्या पिल्लाला जिना ठाऊक नव्हता. तो प्रत्येक पायरीवर बसायचा आणि माझं घुंगरू वाजायचं. शाळेतून येणारी हरिप्रिया फाटकात दिसली की तो कठड्याशी उड्या मारायचा आणि मी वाजत राहायचो. नऊ दिवस मी पहिल्या भोकात होतो. मग दुसऱ्यात. प्रत्येक रविवारी हरिप्रिया माझ्यात बोट घालून पाहायची आणि म्हणायची, "अजून एक बोट जागा आहे, ताता." ताता म्हणजे तिचे आजोबा, चंद्रमौळी. ते निवृत्त कारकून होते, अक्षर अतिशय सुरेख.

जुलै २००६ मधला तो शनिवार. हरिप्रियानं गोडूला अंघोळ घातली. मी ओला झालो म्हणून तिनं मला सोडून गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. "पाच मिनिटांत बांधते," ती म्हणाली आणि टॉवेल शोधायला आत गेली. तेवढ्यात गॅसचं सिलिंडर घेऊन माणूस आला. दार उघडं राहिलं आणि गोडू बाहेर निसटला. मी दोरीवरून सगळं पाहत होतो, पण वारा नव्हता. माझं घुंगरू वाजलं नाही.

त्याच संध्याकाळी तातांनी पिल्लू हरवल्याचा कागद लिहिला. या घरात बोलणं मराठीत आणि लिहिणं तमिळ अक्षरांत. किराण्याची यादी, तुळजाजींना पत्र, सगळं तसंच, तीन पिढ्यांपासून. हा कागद बाहेरच्यांसाठी, म्हणून तातांनी तमिळमध्येच मोठ्या अक्षरांत पिल्लाचा रंग, पांढरा पाय आणि नाव लिहिलं. घरात सगळ्यांनी वाचून पाहिलं. झेरॉक्सवाला मात्र हसला.

"सार, रेघ हरवली का? बसा, पट्टी घेऊन दुसरी आखून देतो."

"टवाळ मेला," ताता रस्त्यावर येऊन पुटपुटले. हरिप्रियाच्या मुठीत मी होतो. ती मूठ घट्ट झाली. चाळीस कागद चिकटवले. रोज संध्याकाळी ती मला वाजवत गल्ल्यांतून फिरायची. अनेक कुत्री बाहेर आली. तो आला नाही.

अकराव्या दिवशी आम्ही स्टेशनजवळ फुलं विकणाऱ्या कनकाच्या टोपल्यांपाशी थांबलो. तिच्या मागच्या भिंतीवरच कागद होता.

"असलं एक पिल्लू होतं की माझ्याकडे," कनका गजरा ओवता ओवता म्हणाली. "चार दिवस या टोपलीत निजायचं. पाय पांढरा."

हरिप्रियानं तातांचा हात धरला.

"मग सांगितलं का नाहीस, अम्मा?" तातांचा आवाज चढला.

"अय्या, माझ्यावर कशाला ओरडता? कागद वाचून किती हाका मारल्या त्याला! कोडु, कोडु! मान वर करेल तर शपथ. म्हटलं, हे ते नव्हे. मग वेलचेरीचा एक माणूस आला, माझंच आहे म्हणाला, उचलून घेऊन गेला."

"कोडु नव्हे. गोडू."

"मग तसं लिहायचं ना!"

"तसंच तर लिहिलंय," ताता म्हणाले आणि कागदाकडे बघत राहिले.

तमिळमध्ये क आणि ग यांना एकच अक्षर आहे. शब्दाच्या सुरुवातीला ते आलं की परका माणूस क वाचतो. कोडु म्हणजे रेघ. घरातल्या सगळ्यांनी तो शब्द बरोबर वाचला होता, कारण घरातल्या सगळ्यांना तो आधीच माहीत होता.

तातांनी सगळे कागद स्वतःच्या हातानं खरवडून काढले. नवे इंग्रजीत लिहून वेलचेरीत लावले. सात रविवार आम्ही तिथल्या इमारतींच्या फाटकांशी उभे राहिलो. पहारेकरी आता हरिप्रियाला ओळखू लागले. "आलं का घुंगरू?" एक जण विचारायचा आणि स्वतःच मान हलवायचा. मग ऑक्टोबरात तिथं गुडघाभर पाणी साचलं आणि कागद वाहून गेले.

त्यानंतर मी दारामागच्या खिळ्यावर राहिलो. चामडं वापरात नसलं की कोरडं पडतं; मला भेगा पडू लागल्या. तुळजाजी फोनवर विचारायचे, "दुसरं पिल्लू पाठवू का?" ताता म्हणायचे, "पाहू." कनकाजवळ एक भटकी कुत्री राहू लागली होती. पट्टा नसलेली कुत्री महापालिकेची गाडी उचलून नेते, म्हणून कनकानं दोनदा मला मागितलं. ताता हरिप्रियाकडे बघायचे आणि म्हणायचे, "पाहू." रविवारी हरिप्रिया माझ्या तिसऱ्या भोकावरून बोट फिरवायची. मला कळायचं, ती मनात त्याला वाढवत होती. तिसऱ्यात आला असेल. आता चौथ्यात.

मित्रांनो, मी उपदेश करणारा कोण? पण एवढं ऐका. जनावराला अंघोळ घातलीत तर आधी पट्टा बांधा, मग टॉवेल शोधा. आणि आपल्या माणसाचं नाव बाहेर पाठवताना ते एखाद्या अनोळखी माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या.

पुढच्या जुलैतला एक शनिवार. हरिप्रियानं मला खिळ्यावरून काढलं, खोबरेल तेल चोळलं आणि तातांना घेऊन कनकाकडे आली. कुत्री टोपलीआड पडली होती. तातांनी मला तिच्या मानेभोवती धरलं. काटा सवयीनं दुसऱ्या भोकाकडे गेला, पण तिथं पुरेना.

"राहू दे, कण्णा," ताता म्हणाले. "पुन्हा पाहू."

हरिप्रिया खाली बसली. तिनं माझं टोक हातात घेतलं.

"गोडू आता यायचा नाही, ताता," ती म्हणाली. "हिला पाचव्यात बांधा."