नीराच्या साडीचा वास
म्हसळ्याच्या अत्तरवाल्याने गुणाजीच्या डाव्या मनगटाला मोगरा लावला, उजव्याला जाई. "बघा आता. भाभींचा यातला कुठचा?"

गुणाजी कधी हे मनगट हुंगी, कधी ते. दोन्ही गोड, दोन्ही नीराचेच वाटायचे. बायको जाऊन वर्ष झालं होतं. उद्या मैत्रीचं, त्यांच्या एकुलत्या लेकीचं, लग्न. विहारात ती आईचीच पांढरी साडी नेसणार होती. पण साडी ड्रायक्लीनहून आली आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "पप्पा, आईचा वास गेला हिचा."

"त्यात काय, आणतो की मी!" गुणाजीने छातीठोक सांगून टाकलं. आता बायको कुठलं अत्तर लावते हे त्याने जन्मात विचारलं असेल तर शपथ. नवऱ्यांना घरातलं सगळं ठाऊक असतं, फक्त कुणी खोदून विचारू नये.

"मोगराच असंल," शेवटी तो म्हणाला. मन खात होतं, पण पोरीसमोर रिकाम्या हाताने जाणं जिवावर आलं होतं.

मैत्रीने कुपी हुंगली आणि बापाकडे बघत राहिली.

"ह्यो न्हाय? मग जाई आणतो. दुकान उघडं असंल अजून."

"आई अत्तर लावायचीच नाही, पप्पा. बकुळीची फुलं सुकवून साड्यांच्या घडीत ठेवायची. आपल्या दारातल्या बकुळीची."

दारात आता मांडव होता. त्याला जागा हवी म्हणून गेल्याच महिन्यात, मैत्री लग्नासाठी घरी यायच्या आधीच, गुणाजीने बकुळ तोडून घेतली होती. रोजचा कचरा सुटला, असंही वर म्हणाला होता.

"अगं, मग आल्या आल्या बोलायचंस तरी!"

"तोडल्यावर काय बोलू? माझ्याच लग्नासाठी तोडलीत ना." तिने अत्तराचं बोट आईच्या साडीच्या पदराला पुसलं. "हा पण छान आहे, पप्पा."

तिचं ते छान म्हणणं गुणाजीच्या काळजात घुसलं. तो मागीलदारी गेला. बकुळीची लाकडं फोडून तिथे चुलीसाठी रचली होती. त्याने एक उचलून नाकाशी धरलं, मग दुसरं, मग तिसरं. लाकडाला लाकडाचाच वास होता, आणि त्याच्या हातांना मोगऱ्याचा नि जाईचा. तिथेच बसून तो रडला. नीरा गेली त्या दिवशीही एवढा रडला नव्हता.

"दादा, लाकडं द्या," आचाऱ्याने हाक मारली.

गुणाजीने एकेक करून सगळी दिली. शेवटचं देताना तेवढं पुन्हा एकदा हुंगलं.