पुरुषोत्तमरावांची जीभ

उत्तराच्या आईचा गाता आवाज जगात एकाच कॅसेटवर उरला होता, आणि उत्तराच्या नवऱ्याने, पुरुषोत्तमरावांनी, त्यावर स्वतःचं भाषण टेप केलं. महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षपदाचं! वर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून उत्तराने कॅसेटच्या पाठचा प्लास्टिकचा तुकडा मुद्दाम मोडून ठेवला होता. या इंजिनिअर माणसाने त्या भोकावर चिकटपट्टी लावली.

"अगं, गाणंच होतं ना?" म्हणाले वर. "नाहीतरी ते लावलं की तू रडत बसतेस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कुणाशी? पंच्याऐंशीच्या फॉलमध्ये व्हर्मॉन्टला पानांचे रंग बघायला गेले, तर हा गृहस्थ गाडीत बसून मायलेज काढत होता. त्याचं सगळं सुख काय ते जिभेवर. तेही त्याच्या आईने मरण्याआधी कांडून पाठवलेल्या गोड्या मसाल्यात. बरणी तळाला आली होती. पुरुषोत्तमराव चारचौघांत मिरवायचे, "आमच्यासारखी जीभ अख्ख्या न्यू जर्सीत कुणाला नाही."

बरं तर, जीभ तर जीभ!

पुढच्या शनिवारी मंडळाची कमिटी जेवायला आली. पहिला घास घेताच पुरुषोत्तमरावांनी डोळे मिटले. "वा! या आमटीत आमच्या आईचा हात आहे. रवी, तुला नाही कळायचं ते. जातिवंत जीभ लागते."

खजिनदार रवीने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती भात कालवत राहिली.

"सगळ्यांनाच कळू दे की," उत्तरा म्हणाली, आणि तिने ओट्यावरचा डबा आणून टेबलावर ठेवला. सुपरमार्केटची करी पावडर. "सहा दिवस हीच खाताय तुम्ही. रोज वा म्हणताय."

एकच हशा पिकला. रवी तर ठसका लागेपर्यंत हसला. पुरुषोत्तमरावही आधी हसले, मग थांबले.

"आणि आईचा मसाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"सिंकमध्ये ओतला. वरून गरम पाणी सोडलं."

पुरुषोत्तमरावांचे डोळे भरून आले. एवढ्या माणसांत लपवताही येईना. अठरा वर्षांच्या संसारात उत्तराने त्यांना असं पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं.

"आमटी वाढू अजून?" तिने विचारलं.