कव्हर एकीकडे, तबकडी दुसरीकडे

मी एक जुनी तबकडी आहे. काळी, गोल, जेवणाच्या ताटाएवढी, मधोमध एक भोक. मित्रांनो, तुमची गाणी कुठून येतात ते तुम्हाला दिसत नाही. माझं तसं नाही. माझ्या अंगावर केसाहून बारीक खाच गोल गोल फिरत आत गेली आहे आणि माझी सगळी गाणी त्या खाचेत आहेत. सुई टेकवली की मी गायला लागते.

माझं नाव 'पाण्यातला जिना'. मला चौघांनी घडवलं. गिटार वाजवणारा सायकली दुरुस्त करायचा. ड्रम वाजवणारा बेकरीत पीठ मळायचा, त्यामुळे त्याच्या दंडांत चांगलीच ताकद होती. गाणारा शाळेत चित्रकला शिकवायचा. आणि ऑर्गनवर बसायची गिटारवाल्याची थोरली बहीण. ती टेलिफोनच्या कचेरीत लोकांचे फोन जोडून द्यायची. तिला सगळे ताईच म्हणत. एका गालिच्यांच्या दुकानामागे खोली होती. तिथे भिंतींना गालिचे टांगून या चौघांनी आठ दिवसांत माझी गाणी ध्वनिमुद्रित केली. सायकेडेलिक रॉक म्हणतात, त्या जातीचं ते संगीत. त्यात गिटार पाण्याखालून आल्यासारखी घुमते, मध्येच आवाज उलटे वाजतात, आणि गाणं संपलं म्हणून माणूस उठायला जावा तर ते नव्याने सुरू होतं. माझ्या दुसऱ्या बाजूला तर एकच गाणं आहे, एकोणीस मिनिटांचं.

कारखान्यात आम्ही तीनशे बहिणी जन्मलो. कव्हरवर चित्रकाराने जिना चढणारा नारंगी मासा काढला होता. कव्हरच्या मागे गिटारवाल्याच्या हस्ताक्षरात चौघांची नावं होती. त्या माशाने आमचा घात केला. दुकानदाराने चित्र पाहिलं आणि आम्हाला सरळ बालगीतांच्या कप्प्यात ठेवलं. एका आईने माझी एक बहीण मुलीच्या वाढदिवसाला नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. मुलीला गाणी फार आवडली होती, पण आजोबा घर सोडून जायला निघाले होते म्हणे. बाकीच्या बहिणी गालिचेवाल्याच्या तळघरात पडून राहिल्या. तिथे पाणी शिरलं आणि बहुतेक जणी वाकड्या झाल्या.

मला एका दंतवैद्याने नेलं. त्याला दात कोरण्याच्या यंत्राचा आवाज झाकायला काहीतरी हवं होतं. मी तो आवाज चांगलाच झाकला. पण आठवड्याभरात दोन रुग्ण म्हणाले की यंत्र परवडलं. पुढे त्याच्या मुलीला मासा आवडला, म्हणून तिने कव्हर काढून चौकटीत बसवलं आणि भिंतीवर टांगलं. मी उघडी पडले. मला एका एक्स-रेच्या पाकिटात सरकवून कपाटात ठेवण्यात आलं. तिथे मी कोणाच्या तरी अक्कलदाढेशेजारी सव्वीस वर्षं काढली.

मित्रांनो, या सव्वीस वर्षांत बाहेर एक गंमत झाली. जी गाणी कोणी ऐकली नव्हती, त्यांचा लोक शोध घेऊ लागले. या शोधात दोन मित्र सगळ्यांच्या पुढे होते. एक निवृत्त ग्रंथपाल, अंगाने काटकुळे, प्रत्येक गोष्टीला क्रमांक देणारे. दुसरे लिफ्ट दुरुस्त करणारे, त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणायचे. दोघांनी कोणाकडे तरी माझ्या गाण्यांची खरखरीत कॅसेट ऐकली होती आणि तेव्हापासून अकरा वर्षं ते मला जोडीने शोधत होते. त्या लांब गाण्यात अकराव्या मिनिटाला 'कुईं कुईं' असा एक विचित्र आवाज येतो. ग्रंथपालांच्या मते ते एक दुर्मिळ तंतुवाद्य होतं. लिफ्टवाल्यांच्या मते उलटी फिरवलेली फीत. यावर दोघांनी संग्राहकांच्या पत्रिकेत एकमेकांविरुद्ध चार लेख लिहिले होते, आणि तरी दर रविवारी चहा एकत्रच घेत होते.

दंतवैद्याने दवाखाना बंद करून सामान विकायला काढलं, तेव्हा ग्रंथपाल आधी पोचले. भिंतीवरचा मासा त्यांनी ऐकीव वर्णनावरून लगेच ओळखला. चौकटीसकट कव्हर घेऊन ते घरी गेले, चाचपून पाहिलं, तर आत मी नाही. तासाभराने लिफ्टवाले आले. ते कपाटात जुने स्क्रू शोधत होते, आणि त्यांना मी सापडले. संध्याकाळी दोघं एकमेकांना आनंदाची बातमी द्यायला निघाले आणि वाटेतच भेटले. तिथेच बिनसलं. कव्हर माझ्याकडे तर तबकडीही माझीच, असं ग्रंथपाल म्हणाले. आपण गाणी ऐकतो की मासे, असं लिफ्टवाल्यांनी विचारलं. त्या दिवसापासून तीन वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मी इकडे, माझे कपडे तिकडे. लिफ्टवाले मला वाजवायचे, पण शेजारी भांडायला कोणी नसायचं, म्हणून अर्ध्यावरच बंद करायचे.

मग एक दिवस लिफ्टवाले धापा टाकत घरी आले आणि जे घडलं ते त्यांनी बायकोला सांगितलं. मीही ऐकलं. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक म्हाताऱ्या बाई होत्या. घाबरणं दूरच, त्या निवांत गुणगुणत होत्या. लिफ्टवाल्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. ते सूर माझ्या दुसऱ्या बाजूचे होते.

त्यांनी दाराच्या फटीतून विचारलं, "बाई, ही चाल तुम्ही कुठे ऐकलीत?"

आतून उत्तर आलं, "ऐकली कसली, मीच वाजवलीय. तुम्ही आधी दार उघडा."

त्या ताई होत्या. मी बाजारात आले त्याच आठवड्यात त्यांची दूरच्या गावी बदली झाली होती. त्यांच्या वाट्याची तबकडी कोणीतरी ऐकायला म्हणून नेली आणि परत दिलीच नाही. गिटारवाला भाऊ गेल्या वर्षी वारला होता. त्याची गिटार ताईंनी तीस वर्षांत ऐकली नव्हती. लिफ्टवाल्यांनी त्यांना रविवारी घरी बोलावलं. ताईंनी एवढंच विचारलं, "कव्हर आहे का हो? मागे त्याचं अक्षर आहे."

शनिवारी लिफ्टवाल्यांनी बायकोला सांगितलं, की त्या माणसाच्या दारात जाण्यापेक्षा बंद लिफ्टने विसावा मजला चढणं सोपं आहे. बायकोने त्यांच्या हातात छत्री दिली आणि दार उघडून धरलं.

रविवारी दुपारी ग्रंथपाल आले. चौकट त्यांनी छातीशी धरली होती. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण चौकटीचे खिळे दोघांनी मिळून काढले. ताईंनी कव्हर उलटं केलं आणि भावाच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग मला लावण्यात आलं.

मित्रांनो, मी त्या दिवशी जीव ओतून गायले. गिटार सुरू झाली तशा ताई डोळे मिटून बसल्या. त्यांच्या मांडीवर बोटं चालत होती. अकरावं मिनिट आलं. 'कुईं कुईं.' दोन्ही संग्राहक श्वास रोखून पुढे वाकले. आणि ताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे माझं स्टूल," त्या म्हणाल्या. "डावीकडे वळले की कुरकुरायचं. त्याला रोज सांगायचे, तेल घाल म्हणून. अख्ख्या गावाच्या सायकलींना तेल घालायचा, माझ्या स्टुलाला कधी घातलं नाही."

ग्रंथपालांनी लिफ्टवाल्यांकडे पाहिलं. लिफ्टवाल्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. चार लेख, आणि एक स्टूल. तीन वर्षांनी ते दोघं पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले ते असं, की पाचवा लेख दोघांनी मिळून लिहावा आणि चूक छापून टाकावी.

निघताना लिफ्टवाल्यांनी मला ताईंच्या हातात दिलं. ग्रंथपालांनी घसा खाकरून कव्हरही पुढे केलं. ताईंनी दोन्ही परत केली. घरी वाजवायला यंत्र नाही, म्हणाल्या. हिला इथेच राहू द्या, पण वाजवत राहा, मी येत जाईन.

तेव्हापासून दर रविवारी मी वाजते. मागच्या महिन्यात मात्र एक अपघात झाला. ग्रंथपालांनी बोलता बोलता सुई घाईने टेकवली आणि माझ्या पहिल्या बाजूला एक चरा पडला. ग्रंथपालांचा चेहरा पडला. आठ दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापुढे हात जोडते, नसलेले का असेनात. माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर तिला कडेने धरा, मऊ फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. पण चरा पडेल या भीतीने तिला कपाटात कोंडूही नका. मला एक्स-रेचं पाकीट माहीत आहे आणि हा चराही माहीत आहे. मी चरा पत्करीन.

त्या चऱ्यापाशी आता सुई उडी मारते आणि गाण्यातला 'पुन्हा' हा एक शब्द गळतो. पण खोलीत तो शब्द दर वेळी ऐकू येतोच. ती जागा आली की तिघंही सरसावून बसतात, आणि तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणतात, "पुन्हा."