स्टुलावरचा बाप

लेकाने भिंतीवर कॅमेरा बसवून दिला, तेव्हा एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या रंगाऱ्याला अगदी भरून आलं. पोटचा पोरगा परगावी बसून मोबाइलवरून बापावर पाळत ठेवणार, याहून मोठं सुख ते कुठलं? "काळजी वाटते हो बाबा," म्हणून लेक निघून गेला, तो महिना झाला तरी फोन नाही. कशाला करेल? बाप वेळेवर जेवताना, गोळ्या घेताना दिसत होता. गुणी म्हाताऱ्याला कोण फोन करतंय!

एकदा बल्ब बदलायला रंगारी स्टुलावर चढला, तोच फोन खणखणला.

"बाबा, आधी खाली उतरा! या वयात हे काय खूळ?"

उभा जन्म परांचीवर चढून इमारती रंगवलेल्या माणसाला हातभर स्टुलावरून उतरवण्यात आलं. पण मग लेक बराच वेळ बोलला. नातीचा दात पडल्याचंही सांगितलं.

झालं, युक्ती सापडली! आज जळमटं, उद्या घड्याळ, परवा उगाचच. स्टूल सरकलं की फोन आलाच. रंगारी पोटभर बोलणी खायचा आणि खुशीत झोपायचा.

एका संध्याकाळी मात्र फोन येईना. तो स्टुलावर उभा राहिला, खोकला, एक पायसुद्धा उचलून बघितला. छे! कंटाळला असेल बिचारा, बापाचे माकडचाळे किती दिवस बघणार? शेवटी झक मारत त्यानेच वरून फोन लावला.

"बाबा, खाली उतरा." आवाज पार बसलेला.

"म्हणजे बघतोयस! मग फोन करायला काय झालं होतं?"

"आवाजावरून ओळखलं असतं तुम्ही."

"काय ओळखलं असतं?"

"तुमची सून घर सोडून गेली, बाबा. पोरीला घेऊन. मी कामावरून आलो की तुमचा कॅमेरा लावून बसतो. कुणीतरी हलताना दिसतं."

रंगाऱ्याने महिनाभराचे टोमणे जिभेवर तयार ठेवले होते. ते सगळे त्याने गिळले.

"उतरा ना आता," लेक म्हणाला.

"नाही उतरत जा! आधी सगळं सांग, पहिल्यापासून." त्याने भिंतीला हात टेकला. "आणि गुडघे माझे दुखतायत, तेव्हा रडायचं ते बोलता बोलता रड."